माह्या तोंडची दवंडी

पंचक्रोशीत माह्यासारखा नकल्या झाला नाही. होनार कसा, बाकीच्याइले लाज होती.

दिवेलागनीले देशमुखाच्या ओसरीवर मानसं बसत. वावरातून येनारे, चिलीम ओढनारे, उगीच बसनारे. मी खाली अंगनात. अंगनाच्या बी पार टोकाले, जिथं गोठ्यातलं पानी वाहत येये. मंग वरून हाक येये, "नकल्या, ये बे. कोतवाल कर."

कोतवाल म्हनजे माहा बाप. गावाची दवंडी त्याच्याकडं. गळ्यात डफडं, खांद्यावर घोंगडं. एक गुडघा वाकत नव्हता, म्हनून तो पाय बाहेरून फिरवून पुढं टाके. चावडीपुढं उभा राहे, डफड्यावर टिपरी हाने, आन तोंड उघडाच्या आंधी देशमुखाच्या ओसरीकडं पाहे. कंबरेतून वाके. ओसरीवरून मान हालली की मंगच बोले. "ऐका हो ऐका." आन सांगून झालं की शेवटी म्हने, "दवंडी झाली हो. मले ऐकू नाही आलं असं कोनी म्हनू नये हो."

हे सारं मले पाठ होतं. पाय फिरवनं, वाकनं, मान हालाची वाट पाहनं. वाट पाहताना बापाचा खालचा ओठ थोडा लोंबे. ते बी मले जमे.

ओसरी हसे. मले वाटे, आपन लय मोठे कलाकार. कार्यक्रम झाला की आतून भाकरीचा तुकडा येये, वरून टाकलेला. तो बी मी वाकडातिकडा होऊन झेलत होतो. तेवढंच अजून हसतीन.

एक दिवस माही नक्कल चांगली रंगात आली होती, आन माहा खरा बाप अंगनात येऊन उभा राह्यला. दुसऱ्या दिवशी काय दवंडी द्याची ते इचाराले आलता. माही त्याच्याकडं पाठ. मी त्याचाच पाय फिरवून राह्यलो होतो. ओसरी हसाची थांबली. मंग दुप्पट हसली.

देशमुख म्हने, "कोतवाल, तू बी इकडं ये. दोघं संग करा. पाहू दे खरा कोन."

बाप म्हने, "मालक, लेकरू हाये ते."

"कर म्हनलं ना."

केली. माह्या बापानं माह्या बाजूले उभं राहून सोताची नक्कल केली. त्याची टिपरी चुकली. आवाज बसला. पाय फिरवाले गेला तं तोल गेला, डफडं पोटावर आपटलं. माही मात्र फक्कड झाली.

देशमुखानं निकाल देला. "पोरगाच खरा वाटते बे. कोतवाल, उद्यापासून पोरापाशी शिक."

मानसं हसून हसून एकमेकाच्या आंगावर पडले. सगळ्यात जोरात मी हसलो. माहा पहिला नंबर आलता ना. आयुष्यात तेवढाच.

घरी जाताना बापानं एकच इचारलं. "मी असा चालतो काय रे?"

मी म्हनलं, "हाव."

त्याच्यानंतर बाप माह्यापुढं कधी चालला नाही. दोघं कुठं निंघालो की म्हने, तू पुढं हो.

दवंडीचं एक नीट सांगून ठेवतो, काऊन की पुढचं सारं तिच्यावरच अडकलेलं हाये. बाप आंधी गावात दवंडी दे, मंग शेवटी गावाबाहेरच्या आमच्या पुऱ्यात दे. म्हनजे गावाचा हुकूम आमच्या दारात येये तो आमच्याच मानसाच्या तोंडून. आन एकदा आपल्याच मानसानं सांगतलं की ते पक्कं झालं. भांडान कोनाशी? देशमुखाशी? तो तं काही बोललाच नाही. त्यानं फकत मान हालवली.

धरन आलं तवा असंच झालं. जुनं गाव पान्याखाली जानार होतं. नवीन गावठानात वरची, चढाची जागा गावाले. आन खालची, पानी जिथवर येते तिथली चिबड जागा आमच्या पुऱ्याले. हे आम्हाले कोन्या साहेबानं नाही सांगतलं. माह्या बापानं सांगतलं, डफडं वाजवून. पुऱ्यातल्या बाया त्याच्याच आंगावर धावल्या. बाप म्हने, "मी कुठं म्हनून राह्यलो. दवंडी म्हनून राह्यली."

पानी भरलं. चावडी बुडाली. जिच्यावर आम्हाले पाय ठेवू देत नव्हते ती विहीर बुडाली. ओसरी बुडाली. मी खुश झालो. म्हनलं, आता सारं गाव एकाच पान्यात. मंग वर जाऊन पाह्यलं तं गाव जसंच्या तसं उचलून मांडलेलं. वरचे वर. खालचे खाली. मच्छर आम्हाले, ओल आम्हाले, पावसाळ्यात चुलीपर्यंत बेडकं. आमच्या घराइच्या बी खाली, पार काठाले, बाभळीइत आमचा मसनवटा. बाप तिथं गेला. मंग माय तिथं गेली.

मी त्याच्या आंधीच खामगावले पळालो होतो. शाळेत गेलो नाही असं नाही. गेलो होतो. पन मास्तर बी नक्कलच कर म्हने, मंग शिकाचं कवा. खामगावात जिनिंगमधे कापसाच्या गाठी उचलल्या, कंबर गेली. मंग लग्नाच्या धंद्यात घुसलो. मंगल कार्यालयाच्या दारात लाल नाकाचा जोकर उभा असते, लहान पोराइशी हात मिळवते, तो मी. पोट्टे पोटात बुक्क्या मारतात. त्याइचे मायबाप मोबाईलमधे फोटो काढतात. मी हसतो. नाही हसलो तरी चालते, हसू रंगानं काढलेलंच असते. त्या कामात एक चांगलं हाये, जात कोनी इचारत नाही. तोंडावर एवढा रंग असते की मानूसच दिसत नाही, तं जात कुठून दिसन.

तं असा मी. आन एक दिवस मले फोन आला.

"जयभीम काका. विजू बोलतो. देशमुखाचा."

मी फोन कानापासून काढून पाह्यला. नंबर चुकला असन म्हनून. देशमुखाचं पोरगं मले काका म्हने. आन वरून जयभीम. त्याच्या बापानं आमच्या बापाचा रामराम बी कधी घेतला नव्हता, नुसती मान हालवत होता. शिवी देली असती तं एवढं भेव नसतं वाटलं.

तो म्हने, "आपल्या काठावर महोत्सव ठेवला काका. गावाचे कलावंत म्हनून तुमचा सत्कार कराचा हाये. याच लागन."

मी म्हनलं, "येतो ना भाऊ."

फोन ठेवला आन इचार करत बसलो, याले काय पाह्यजे असन. माह्याजवळ काय हाये? एक लाल नाक. ते बी मालकाचं.

शेवटी गेलो. उंद्रीले बसमधून उतरलो, म्हनलं आता ऑटो पाहू, तं विजूभाऊ सोता गाडी घेऊन उभा. पांढरी, मोठी. त्यानं पुढचं दार उघडलं. मी मागचं उघडाले गेलो, तं म्हने, "काका, पुढं बसा." बसलो. पन अर्धाच. आर्धं बूड शिटावर, आर्धं हवेत. उतर म्हनला तं लवकर उतरता याव म्हनून.

रस्ता डांबरी झालता. आंधी त्या रस्त्यानं बैलगाडीचं चाक बी रडे. गावाच्या तोंडाशी कमान. कमानीच्या पुढं उजव्या हाताले काठ लागला आन मले काही वळखूच नाही आलं. चिखल होता तिथं पिवळी रेती टाकलेली. रेतीत नारळाची झाडं. मी म्हनलं, "भाऊ, आपल्याकडं नारळ कवापासून?" तो हसला. "प्लास्टिकचे हायेत काका. लोकाइले समुद्राचं फिलिंग आलं पाह्यजे. आता आपलं गाव म्हनजे कोकनच समजा." पान्यात बदकाच्या आकाराच्या होड्या, पायानं चालवाच्या. मोठाले लाल अक्षरं उभे केलेले, विजूभाऊ म्हने गावाचं नाव हाये, त्याच्यापुढं चिखलीचे पोरंपोरी फोटो काढून राह्यले. मले वाचता येत नाही, पन अक्षराइच्या मधातला लाल बदाम समजला.

तळलेल्या मच्छीच्या गाड्या लागल्या होत्या. कोन कोनाच्या हातचं खाऊन राह्यलं, काही पत्ता नाही. मले चांगलं वाटाले पाह्यजे होतं. नाही वाटलं. जिथं आम्हाले राहा म्हनून ढकललं होतं, तिथली हवा आता लोकाइले गोड लागून राह्यली. म्हनलं, हे काही आपल्या फायद्याचं नाही.

विजूभाऊनं आंधी घरी नेलं. खुर्ची देली. खुर्चीले गादी. चाय आला. मी ट्रेवर बारीक नजर ठेवली. सगळे कप एकसारखे. फुलाइचे. माहा कप वर उचलून खालून पाह्यला, काही निशानी हाये काय. नव्हती. विजूभाऊची बायको म्हने, "चाय गोड नाही झाला काय?" म्हनलं, "नाही, झाला." कप आत गेले तवा मी कान लावून बसलो, की माहा वेगळा ठेवते काय. सारे संगच घासले. मी बारकाईनं तपासलं आन मले काहीच सापडलं नाही. म्हनून अजूनच भेव वाटलं.

तो म्हने, "काका, आराम करा."

म्हनलं, "बहिनीले भेटून येतो."

त्याचं तोंड थोडं उतरलं. मंग म्हने, "या या. पन लवकर या. तयारी हाये."

माही मोठी बहीन शांताबाई. नवरा गेल्यावर माहेरीच आली, मायच्याच घरात राहते. मी तिले बाई म्हनतो. ती दारात तांदूळ निवडून राह्यली होती. मले पाहून उठली नाही.

"सत्काराले आला काय?"

"हाव बाई. कलावंत म्हनून."

"मसनवटा पाह्यला?"

मी म्हनलं, "येताना तं बाभळी दिसल्या नाही."

"कशा दिसतीन. तोडल्या."

मंग तिनं हात करून दाखवलं. खाली काठाले, रेतीच्या बाजूले, मुरूम टाकून सपाट केलेलं मैदान. त्याच्यावर लोखंडी पाइपाचं स्टेज. निळे-पिवळे पडदे. बाजूले मोटरसायकली लावाची जागा. मी गाडीतून त्याच्यावरूनच आलतो. विजूभाऊनं मले स्टेज दाखवलं होतं, "काका, हे तुमचं." मी म्हनलं होतं, "लय झ्याक." आमच्या मायबापाच्या राखेवरून जाता जाता मी लय झ्याक म्हनून आलतो.

बाई म्हने, "पुऱ्यातले लोकं दोन येळा गेले विजूकडं. म्हनते, नवीन जागा देतो, नाल्यापल्याड. पावसाळ्यात नाला उतरता येते काय? मयत खांद्यावर घेऊन पोहाचं काय? लोकं म्हनले, आम्ही हटत नाही. तवापासून तो गोड बोलून राह्यला. आन आता तुले बलावलं. काऊन बलावलं असन?"

म्हनलं, "कला..."

बाई म्हने, "कला." आन तांदळातला खडा काढून फेकला.

मी तरी म्हनलं, मी बोलतो त्याच्याशी. मले काका म्हनते तो. माहं ऐकन. बाई तांदूळ पाखडाले लागली. तिची ती सवय हाये. आपन बोलताना ती कामाले लागली की समजाचं, आपन येडे.

ऊन उतरता उतरता मी स्टेजमागं गेलो. विजूभाऊनं एक पिशवी काढली. आतून धोतर, घोंगडं, आन एक नवंकोरं डफडं. चामड्याचा वास येऊन राह्यला होता त्याले.

तो म्हने, "काका, तुमच्या बापाची दवंडी करा. जुने लोकं अजून आठवन काढतात. पारंपरिक एकदम. हसवा लोकाइले."

मी म्हनलं, "भाऊ, ते मसनवट्याचं..."

"त्याच्यासाठीच तं तुम्हाले बलावलं. कोनाचं मन दुखवाचं नाही आपल्याले. मी सांगतलं तं तुमच्या लोकाइले राग येते. तुम्ही हसत हसत सांगतलं तं नाही येनार. शेवटी एवढंच टाका, की उद्यापासून काठावर मयत आनू नये, नवीन जागा नाल्यापल्याड. दवंडी झाली म्हनजे झालं. जुनी पद्धत हाये आपली."

तो लय नम्रपनानं बोलला. हात बी जोडले. मले आता पिशवीतलं सारं समजलं. गाडीचं पुढचं शीट समजलं. फुलाचा कप समजला. जयभीम समजला. याच्या बापाले माह्या बापाचं तोंड लागे. याले माहं लागून राह्यलं होतं. एवढाच फरक, की त्याच्या बापानं कधी मागतलं नव्हतं, फकत मान हालवली होती. पोरगा शिकलेला. तो मागून घेते.

मले म्हनाचं होतं, नाही. तोंडातून निंघालं, "हाव."

हे मी लपवत नाही. हाव म्हनलो. धोतर बी नेसलो, पॅन्टीवरून. गळ्यात डफडं घातलं. जीभ माही, पन तिले हावचीच सवय लागलेली. वाटलं, स्टेजवर पाहू. वाटलं, ती शेवटची ओळ हळूच म्हनू, कोनाले ऐकू नाही आली तं आपला काय दोष. असा मी हुशार.

माईकवर माहं नाव पुकारलं. पुढं लोकंच लोकं. पहिल्या लायनीत खुर्च्याइवर विजूभाऊ, गावातले मोठे लोकं. मागं चिखलीचे, खामगावचे फिराले आलेले. आन पार शेवटी, उभे, आमच्या पुऱ्यातले. बाई बी.

मी डफड्यावर टिपरी हानली आन माहं आंगच बदललं. पाय आपोआप बाहेरून फिराले लागला. कंबर वाकली. ओठ लोंबला. जुने लोकं पहिल्याच पावलाले हसले. "अरे, कोतवाल." मले मजा आली. खरं सांगतो, मजा आली. लोकं हसले की माह्या आंगात अजून बी गूळ पाघळते. मी अजून पाय फिरवला. अजून वाकलो. चिखलीच्या पोराइनं मोबाईल वर केले.

मंग बोलाच्या आंधी बाप ओसरीकडं पाहे, तसं मी पाह्यलं. ओसरी नव्हती. पहिली लाईन होती. कंबरेतून वाकून, ओठ लोंबवून, मी वाट पाहत उभा राह्यलो. नक्कलच होती ती.

आन विजूभाऊनं मान हालवली.

त्यानं नक्कल नाही केली. खरीखुरी हालवली. बसल्या बसल्या, हळूच, त्याच्या बापासारखी. त्याले बी माहीत नसन, आपन काय केलं ते. पन मी जन्मभर नकला केल्या, मले खरं आन खोटं वळखू येते. ती मान खरी होती. मंग मी काय होतो? मी बी खराच होतो. इतके वर्ष मी समजून राह्यलो होतो की मी बापाची नक्कल करतो. नक्कल कुठं, मी कोतवालच होतो. फकत पगार नव्हता.

बापाचं बोलनं कानात आलं. मी असा चालतो काय रे?

मी सरळ उभा राह्यलो. डफडं गळ्यातून काढलं, खाली ठेवलं. माईकपाशी गेलो. आवाज बापाचा नको होता, मास्तराचा नको होता, जोकराचा नको होता. माहा पाह्यजे होता. तो कसा हाये हे मलेच माहीत नव्हतं. जसा निंघाला तसा निंघाला, फाटका.

म्हनलं, "हा आमचा मसनवटा हाये. माह्या मायले इथं जाळलं, बापाले इथं जाळलं. तुमचं स्टेज उचला."

लोकं हसले.

मले वाटलं, ऐकू नाही आलं. पुन्हा म्हनलं. "मी नक्कल नाही करून राह्यलो. स्टेज उचला म्हनतो. ही जागा आमची हाये."

अजून हसले. टाळ्या पडल्या. एक म्हातारा पहिल्या लायनीतून म्हने, "वा रे नकल्या. अजून बी तसाच हाये." मोबाईल अजून वर झाले. विजूभाऊ बी हसून राह्यला होता, पन त्याचं हसू रंगानं काढल्यासारखं झालतं. ते मले चांगलं वळखता येते.

मानूस शिवी देते, त्याले मारतात. मानूस भांडते, त्याले पोलीस पकडतात. मी भांडलो तं मले टाळ्या भेटल्या. एवढ्या वर्षाची माही कमाई ती. मी मरतो म्हनलो असतो तरी म्हनले असते, वन्स मोअर.

बोलून काही होनार नव्हतं. तोंडावर माह्या कोनाचाच इश्वास नव्हता. धोतर सोडलं. ते बी लोकं हसले, लय हसले. पॅन्ट शर्टावर स्टेजवरून खाली उतरलो आन स्टेजच्या पुढं, पहिल्या लायनीच्या पायाशी, मुरूमावर मांडी घालून बसलो. लोकाइकडं तोंड करून. काही बोललो नाही. तोंड वाकडं केलं नाही. नुसता बसलो.

आंधी हसले. मंग वाट पाह्यली, आता हा काय करते. मी काहीच केलं नाही. नकल्यानं काहीच नाही केलं की लोकाइले लय त्रास होते. कोनी म्हने, "पुढं?" कोनी म्हने, "झालं काय?" हसू एका जागी थांबलं, दुसऱ्या जागी उरलं, मंग तिथून बी गेलं. लाऊडस्पीकरची घरघर ऐकू याले लागली.

विजूभाऊ उठला. माह्यापुढं वाकला. पहिल्यांदाच एक देशमुख माह्यापुढं वाकला, ते बी माईक बंद हाये ते पाहून.

"काका, लोकं पाहून राह्यले. उठा."

मी म्हनलं, "नाही."

निंघाला. इतका बारका शब्द, आन त्याले बाहेर याले पन्नासाच्या वर वय जाव लागलं.

"तुम्ही हाव म्हनले होते."

"हाव. मी म्हनलो होतो. आता नाही म्हनतो."

"मंग दुसऱ्या कोनाकडून करू आम्ही. तुम्ही कशाले वाईट होता?"

तवा मले नीट दिसलं की आता पुढं काय कराचं. मी म्हनलं, "करा. कोनाकडून बी करा. पन आमच्या पुऱ्यातून तुम्हाले तोंड भेटनार नाही. आन तुमच्या तोंडानं सांगतलं तं आम्ही म्हनू, आम्हाले ऐकू नाही आलं. उद्या म्हनू. परवा म्हनू. मयत झालं की इथंच आनू, तुमच्या नारळाच्या झाडाइमधून. पाहू, कोन थांबवते."

त्यानं आता हात जोडले नाही. मान बी हालवली नाही.

मंग मागून लोकं फाकले. बाई आली. पुऱ्यातल्या चार-पाच बाया आल्या, त्याइच्या मागून मानसं. कोनी घोषना देली नाही. बाई माह्या बाजूले मुरूमावर बसली, पदर आवरून, जशी घरी बसते तशी. बाकीचे बी बसत गेले. फिराले आलेले लोकं उठून बदकाइकडं निंघून गेले. त्याइले आता मजा नव्हती येऊन राह्यली. खुर्च्या रिकाम्या झाल्या. स्टेजवर ते नवंकोरं डफडं तसंच पडून होतं. त्याले कोनी हात लावला नाही. मी बी नाही. पुन्हा लावनार नाही. लाल नाकाचं काम करीन, पोटासाठी करीन, पन बापाचा पाय पुन्हा फिरवनार नाही, आन या जागेवरून उठनार नाही.

छाती थोडी फुगली होती माही. खोटं कशाले बोलू. मी बाईकडं सरकून हळूच म्हनलं, "बाई, आज बापाचं नाव राखलं म्या."

बाईनं माह्याकडं पाह्यलं बी नाही. म्हने, "नाव मंग राखजो. मायले इथं नाही जाळलं. तिकडं, मोटरसायकली लावल्या ना, तिथं. ऊठ, सरक."